कामाक येतला

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली, वनस्पती तुपाचा 15 किलोचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यावरचं चित्र मी लहान असतानाच पुसलं गेलं होतं. आत काय नाही! पितळी वायसर, गनमेटलच्या बुशांचे तुकडे, आटे गेलेले बोल्ट, डिझेल पंपाची निप्पलं, कुठल्याशा होडीच्या इंजिनाचा तुटका लिव्हर. बाबांनी पन्नास वर्षांत यातलं काही टाकलं नाही. मालवणच्या धक्क्यावरून कुणी खलाशी संध्याकाळी पळत आला की बाबा डबा जमिनीवर पालथा करायचे, दोन बोटांनी चाळायचे, आणि नेमका हवा तो तुकडा बाहेर काढायचे. एखादी वस्तू मी भंगारात टाकायला निघालो की एकच वाक्य ऐकू यायचं, "टाकू नुको, कामाक येतला."

हे वाक्य फक्त आमच्या घरातलं नाही. कोकणात पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, तेव्हा चार महिने बाहेरून काही येण्याचा भरवसा नसे. जे आहे त्यात भागवायचं, झिजलेलं वापरायचं, तुटलेलं जोडायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मला तिचा अभिमान आहे. ट्रॉलरच्या पंख्याचा शाफ्ट बुशात ढिला झाला की तो ठकठक करतो, पाणी जास्त गळायला लागतं, तांडेल येऊन सांगतो, "आवाज बदललो हा." मग आपण बघतो, अजून एक हंगाम निघेल की नाही ते ठरवतो. आमच्या धंद्यातली बहुतेक झीज अशी बोलून दाखवते. म्हणून वाट बघण्याची सवय लागते. त्या सवयीने एका पावसाळ्यात एका मुलीचा डोळा गेला असता, म्हणून हे लिहायला बसलोय.

गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये 10 मीटर रायफलचा सराव चालतो. सात वर्षं झाली. तीन रायफली, चार लक्ष्यं, मागे जाड प्लायवुड आणि छरे अडवायला लोखंडी पेट्या. शिकवायला एक निवृत्त सर येतात. हवेचं खातं माझ्याकडे, कारण पाना आणि व्हर्नियर गावात माझ्याकडेच. 2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा एका आठवड्यात मुलांची संख्या दुप्पट झाली. त्याची रायफल काडतुसाची, आमच्या हवेच्या. पण मुलांना त्याचं काय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा तिथे पोचू शकतो तर आपण का नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

या रायफलींत स्प्रिंग नसते. नळीखाली एक लांबट सिलिंडर असतो, त्यात 200 बारपर्यंत दाबून हवा भरायची. ट्रिगर ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि अर्ध्या ग्रॅमचा 4.5 मिलिमीटरचा छरा निघतो. रायफल जराही उसळत नाही, म्हणूनच 10 मीटरवर दहाचा ठिपका, जो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो मारणं शक्य होतं. आपल्याकडच्या 2016 च्या शस्त्र नियमांनुसार एवढ्या व्यासाच्या, 20 जूलच्या आतल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असं पालक समजतात. मीही तसंच समजत होतो. छऱ्याकडे बघितलं तर ते खरंच आहे, जेमतेम सात-आठ जूलचा तो जीव. पण भरलेल्या सिलिंडरमध्ये त्याच्या हजारपटीच्या घरातली ताकद कोंडलेली असते, आणि ती कोंडून धरणारे भाग करंगळीच्या टोकाएवढे असतात.

200 बार म्हणजे काय, ते मी मुलांना हाताने समजावतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये, उन्हाळ्याच्या दिवसांत, सात-आठ बार. आणि हे 200. एका चौरस सेंटिमीटरवर 200 किलो. अंगठ्याचं नख जेमतेम तेवढं असतं. त्या नखावर तांदळाची 50 किलोची चार पोती ठेवल्यासारखं. हे सांगितलं की मुलं आपापल्या अंगठ्याकडे बघतात.

हवा येते तारकर्लीच्या बाजूने. तिथे डायव्हिंगवाल्यांकडे कॉम्प्रेसर आहेत. आमचा 12 लिटरचा सिलिंडर तिथून भरून आणायचा आणि हॉलमध्ये त्यातून होजने रायफली भरायच्या. पावसाळ्यात समुद्रातला व्यवसाय बंद असतो, त्यामुळे मे संपायच्या आत सिलिंडर गच्च भरून ठेवावा लागतो. तो जून-जुलैभर पुरवून पुरवून वापरायचा.

आता त्या जोडाबद्दल. यातच सगळं आहे, म्हणून जरा जवळून बघू.

रायफलच्या सिलिंडरला एक निप्पल असतं, पेनाच्या टोपणाच्या टोकाएवढं. त्याच्या अंगाभोवती एक खाच, म्हणजे गोल चर, कापलेली असते. होजच्या टोकाला कपलर असतो. कपलरच्या आत गोलाकार भोकांत पोलादाच्या बारीक गोळ्या बसवलेल्या असतात, सायकलच्या छऱ्यांसारख्या, आणि बाहेरून एक सरकती बांगडी. बांगडी मागे ओढली की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते, निप्पल आत जातं. बांगडी सोडली की स्प्रिंग तिला पुढे ढकलते, ती गोळ्यांना आत दाबते, गोळ्या निप्पलच्या चरात बसतात. टिक असा आवाज येतो. याला फॉस्टर म्हणतात. जगभर हा चालतो आणि मांडणी म्हणून उत्तम आहे. हवा भरताना निप्पलला बाहेर ढकलणारा जोर, आठ मिलिमीटरचा व्यास धरला तर, 200 बारला 100 किलोच्या आसपास जातो. तो सगळा जोर त्या चार-सहा गोळ्यांवर, आणि गोळी चराच्या कडेला टेकते ती एका टिंबावर.

गोळ्या कडक पोलादाच्या. निप्पल चांगलं असेल तर तेही कडक केलेल्या स्टीलचं. पण स्वस्तातली निप्पलं मऊ असतात, काही तर पितळेवर चकाकी चढवलेली. कडक गोळी मऊ कडेवर 100 किलोने दाबली, सोडली, पुन्हा दाबली, की ती कड हळूहळू सरकते. चराची भिंत उभी असते ती कलंडते. जे धातू सरकलं ते कडेवर उसवून येतं, त्याला आम्ही बर म्हणतो. डोळ्यांना फारसं दिसत नाही. नखाला लगेच कळतं.

त्यात आपला वारा. दुपारी समुद्रावरून खारे वारे, रात्री डोंगराकडून मतलई. खारा येतो तेव्हा मीठ घेऊन येतो, मतलई ते परत नेत नाही. घराच्या खिडकीचा गज सहा वर्षांत खातो तो वारा. रायफली पेटीत असतात, होज मात्र आम्ही भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवायचो, पाण्याच्या पाइपसारखा. पितळ हिरवं पडतं, स्टीलच्या स्प्रिंगला तांबूस ठिपके येतात. ॲल्युमिनिअमच्या सिलिंडरमध्ये पितळी जोड बसवलेला असेल तर खारट ओलाव्यात दोघांची एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनिअम खाल्लं जातं, आट्यांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसते. कपलरच्या सरकत्या बांगडीखाली मीठ आणि बारीक वाळू साचून एक चिकट खर होते. बांगडी मग पुढे जाते, पण पूर्ण नाही. मिलिमीटरभर मागे राहते. टिक आवाज येतो तरीही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या रायफलचा जोड लावताना हाताला किरकिर लागली. निप्पल काढलं, चरावरून नख फिरवलं, नख अडकलं. बर आला होता. मी काय करावं? माझ्या हातात 30 वर्षं कानस आहे. मी बारीक कानशीने तो बर घासला, पॉलिश पेपर मारला, निप्पल पुन्हा बसवलं. जोड लोण्यासारखा लागायला लागला. मला समाधानही वाटलं. नवीन निप्पल मागवायचं तर पार्सल यायला पावसात दहा-बारा दिवस लागणार, आणि वस्तू तर चांगली चालतेय.

त्या बराचा अर्थ मला कळायला हवा होता. तो बर म्हणजे चराच्या भिंतीतून निघून आलेलं धातू होतं. भिंत जेवढी कमी झाली तेवढाच तो वर आला होता. मी भिंत दुरुस्त केली नाही. भिंत पडत चालल्याची खूण तेवढी घासून टाकली. लेथवर काम करणाऱ्या माणसाने हे करावं, याचं वाईट अजून जात नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा समजली नव्हती. हवेच्या कामात सगळ्यांचं लक्ष फुसफुशीकडे असतं. कुठे हवा गळतेय का, साबणाच्या पाण्याचा फेस लाव, बुडबुडे बघ, ओ-रिंग, म्हणजे जोडातलं रबरी कडं, बदल. मी हे सगळं मन लावून करायचो. ओ-रिंग सपाट झाली, तिला चीर पडली, हवा फार झपाट्याने सोडल्यामुळे रबराच्या आत शिरलेली हवा फुगून तिच्यावर फोड आले, तर ती गळते. त्रास होतो, भरलेला दाब रात्रीत उतरतो, पण ती गळून सांगते. चराची कड झिजली तर काहीच गळत नाही. हवा अडवायचं काम ओ-रिंगचं, धरून ठेवायचं काम चराचं. ओ-रिंग नवी होती, म्हणून जोड शेवटच्या क्षणापर्यंत अगदी कोरडा, गप्प होता. गळती नाही म्हणून मी निर्धास्त होतो.

25 जूनची संध्याकाळ. बाहेर पाऊस असा की पत्र्यावर बोललेलं ऐकू येत नव्हतं. नववीतली एक मुलगी रायफल धरून माझ्यासमोर उभी होती, कारण निप्पल खालच्या बाजूला असतं आणि कुणीतरी रायफल धरली की मला सोपं जायचं. आता वाटतं, सोपं जायचं म्हणून एका मुलीला तिथे उभं करत होतो. मी वाल हळू उघडला. हळूच उघडायचा असतो, एकदम उघडला तर धक्काही बसतो आणि हवा तापते. गेजचा काटा 120, 150, 170. ती म्हणाली, "काका, माझी वही भिजतेय," आणि खिडकीतून आत येणाऱ्या पावसाकडे वळून दोन पावलं गेली. रायफल तिने टेबलावर टेकवली होती.

काटा 180 च्या जरासा पुढे गेला असेल.

आवाज मी बंदुकीचा ऐकला आहे, फटाक्याचा ऐकला आहे, समुद्रात सुरुंग लावून मासे मारायचे त्याचाही लहानपणी ऐकला आहे. हा तसा नव्हता. कापड फाटल्यासारखा सुरू झाला आणि थांबेचना. होजचं सुटलेलं टोक डोळ्यांना दिसत नव्हतं, फक्त ते जिथे आपटत होतं तिथे दिसत होतं. टेबलाची फॉर्मायकाची कड उडाली. मागच्या लोखंडी कपाटाच्या दारावर एक खड्डा पडला, लिंबू मावेल एवढा. नंतर मोजला, जमिनीपासून चार फूट आठ इंच. त्या मुलीची उंची पाच फूट एक. ती रायफल धरून उभी असती तर तिचं तोंड तिथे होतं.

मी सिलिंडरवर जवळजवळ पडलो आणि वाल बंद केला. दोन-तीन सेकंद लागले असतील. मग फक्त पाऊस, आणि दोन्ही कानांत शिट्टी.

"लागला काय गो तुका?"

"नाय काका." ती वही छातीशी धरून उभी होती. मग तिने कपाटाकडे बघितलं आणि रडायला लागली.

त्या रात्री मी तिच्या घरी गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पडवीत बसून आईवडिलांना सगळं सांगितलं, कानशीचंही सांगितलं. तिची आई म्हणाली, "तिका लागला नाय ना? मग झाला तर. चाय घेवा." मी चहा घेतला. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर घशाखाली सोपा गेला असता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोनारांकडून भिंग आणलं. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्या रायफलचं एक न वापरलेलं निप्पल पडून होतं, ते शेजारी ठेवलं. नव्याच्या चराची भिंत विहिरीच्या कठड्यासारखी उभी होती. जुन्याची भिंत वाळूच्या उतारासारखी, आणि त्या उतारावर प्रत्येक गोळीची एकेक वाटी उमटलेली. गोळ्या उतारावरून बाहेर ढकलल्या जात होत्या, आणि त्यांना दाबून धरणारी बांगडी खर साचून मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागे अडकलेली. निप्पल एकटं झिजलेलं असतं तर बांगडीने निभावलं असतं. बांगडी एकटी अडली असती तर उभ्या भिंतीने धरलं असतं. दोन अर्ध्या चुका वेगवेगळ्या दिवशी तयार झाल्या आणि 180 बारला भेटल्या.

त्यानंतर मी हॉलमधला प्रत्येक जोड उघडून बघितला. काय काय सापडलं! एका ठिकाणी कुणीतरी, बहुतेक मीच, आट्यांना प्लंबरचा टेफलॉन टेप गुंडाळला होता. हे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. यांत हवा अडते ती तळाच्या सीलवर. टेपने काही होत नाही, उलट जोड तळाला टेकण्याआधीच घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि टेपचे धागे तुटून वालमध्ये जातात.

पण सगळ्यात जास्त घाम फुटला तो एका अडॅप्टरने. हा भाग माझ्या धंद्यातला, म्हणून नीट सांगतो. हवेच्या जोडांत एक-अष्टमांश बीएसपी हा ब्रिटिश मापाचा पाइपचा आटा फार चालतो. त्याचा बाहेरचा व्यास 9.73 मिलिमीटर, इंचाला 28 आटे. त्याच्या शेजारीच एम-10 बाय 1 हा मेट्रिक आटा. व्यास 10 मिलिमीटर, इंचाला 25 आणि थोडे. फरक पाव मिलिमीटरचा. बीएसपीचा नर मेट्रिकच्या मादीत टाकला तर तो जातो! तीन-चार फेरे आरामात फिरतो, मग अंतर जुळत नसल्यामुळे अडकतो, आणि अडकणं हाताला घट्ट बसल्यासारखं वाटतं. आत मात्र आट्यांची टोकं टोकांना जेमतेम टेकलेली. पाण्याच्या नळाला हे वर्षानुवर्षं चालेल. 200 बारला हा जोड सुटला तर तो स्वतःच गोळी आहे. आमच्याकडे असा एक जोड दोन वर्षं लावलेला होता. एनपीटी हा अमेरिकन पाइपचा आटा तर इंचाला 27 आटे, म्हणजे आणखी जवळचा भाऊ. आता मी आटा मोजायची पट्टी लावल्याशिवाय काही फिरवत नाही, आणि हाताला जरा जरी डुगडुग लागली तरी ते लावत नाही.

तेलाचं एक सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे किरकिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल. बिजागरी, कुलूप, शिलाई मशीन, आणि हातपंपाचा दट्ट्या. हवा एकदम दाबली की तापते. डिझेल इंजिन ठिणगीशिवाय चालतं ते याच जोरावर, आणि तिथे हवा वीस पटीच्या आतबाहेरच दाबली जाते. इथे 200 पट. त्या तापलेल्या हवेत तेलाचा पातळ थर असला तर तो पेटू शकतो, सिलिंडरच्या आत. खोबरेल, मशीनचं तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-40, काही नाही. फक्त सिलिकॉनचं ग्रीस, आणि तेही ओ-रिंगला चमक येण्यापुरतं. आणि वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन "हवाच तर आहे" म्हणून भरायचा विचारही कुणी करू नये. ऑक्सिजनमध्ये तेलाचा डाग आणि दाब एकत्र आले की स्फोट होतो.

पाण्याचा हिशोब मी एकदा पावसाळ्यात बसून केला होता. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरायचा म्हणजे बाहेरची 2400 लिटर हवा आत कोंबायची. जुलैच्या आपल्या हवेत, 28 अंशांना, एवढ्या हवेत 50 ते 60 ग्रॅम पाणी असतं. कटिंग चहाचा अर्ध्याहून जास्त ग्लास. ते सगळं कॉम्प्रेसरच्या सापळ्यात आणि फिल्टरमध्ये अडायला हवं. फिल्टर जुना असेल तर ते पाणी सिलिंडरमध्ये येतं, आणि तिथून रायफलमध्ये. बाहेरचा गंज दिसतो तरी. हा आतून चालतो. म्हणून ज्यांच्याकडून भरून घेतो त्यांना मी आता शेवटचा फिल्टर कधी बदलला ते विचारतो. पहिल्यांदा विचारायला संकोच वाटला होता. तो तरुण म्हणाला, "काका, मी ह्याच हवेवर पाण्याखाली श्वास घेतो," आणि तारखांची वही समोर ठेवली. तेवढी एक वही पाहून मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन आमच्या हॉलसाठी तशीच वही आखली.

गावातल्या प्रत्येक बाईला गॅसच्या सिलिंडरवरची ए, बी, सी, डी अक्षरं वाचता येतात. कोणत्या तिमाहीत आणि कोणत्या वर्षी त्याची तपासणी यायची ते त्यांतून कळतं. हवेच्या मोठ्या सिलिंडरच्या मानेवर पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. देशभरच्या अशा सिलिंडरांवर नागपूरच्या पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाची नजर असते, त्यासाठी 2016 चे नियम आहेत. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही लिहिलं आहे की रायफलचा सिलिंडर मुदतीत आहे की नाही, ही जबाबदारी नेमबाजाची. बरेच कारखाने ती मुदत दहा वर्षांची देतात. हे सगळं चोख आहे. फक्त त्या करंगळीएवढ्या निप्पलवर कुठेच तारीख नाही. त्याला कुणी शिक्का मारत नाही. त्याची मुदत किती, ते त्याला रोज हात लावणाऱ्यानेच ठरवायचं.

हवेच्या बंदुकीचं हे दुखणं जुनं आहे. 1780 च्या सुमारास जिरांदोनी नावाच्या कारागिराने ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी हवेची रायफल बनवली होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. भरायला हातपंपाचे दीडेक हजार दट्टे. दारूगोळ्याच्या त्या काळात धूर न करता एकामागून एक वीस गोळ्या मारणारी बंदूक! पण टाकीला गळ्याशी चामड्याचं सील होतं, ते ओलं ठेवावं लागे, वाळलं की हवा जाई. आणि पत्र्याच्या जोडांची टाकी पक्की बनवणं भयंकर अवघड. काही दशकांत ती सैन्यातून गेली. मला त्या सैनिकांबद्दल आपुलकी वाटते. मोहिमेवर, थंडीत, कुणीतरी बसून चामडं भिजवत असेल, जोड चाचपत असेल.

आमच्या हॉलमध्ये आता भरताना रायफल कुणी धरत नाही. जाड फळीचा एक घोडा केला आहे, त्यात ती पट्ट्याने बांधतो. होजची दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने सिलिंडरच्या मानेला आणि घोड्याला बांधलेली असतात, आणि होजवर वाळूची पिशवी. मुलं दाराबाहेर. गळती शोधायला फेस, बोट कधीच नाही; एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. भरून झालं की आधी वाल बंद, मग होजमधली हवा सोडायची, काटा शून्यावर आलेला बघायचा, मग बांगडी. ज्या जोडाला सोडवायला जोर लागतो, त्यात अजून हवा आहे असंच समजायचं. होज खिळ्यावरून उतरून बंद डब्यात गेला आहे, सोबत ओल शोषणारी पुडी. आणि उन्हात उभ्या गाडीत भरलेली रायफल ठेवायची नाही: सकाळी 27 अंशांना 200 बार असतील तर 60 अंशांच्या गाडीत ते 222 होतात.

ती मुलगी चौथ्या दिवशी परत आली. मला वाटलं नव्हतं. आता वही तिच्याकडे आहे. दर शनिवारी प्रत्येक निप्पलच्या चरावरून ती नख फिरवते. नेलपॉलिश लावायचं तिने बंद केलं, म्हणते त्याने कळत नाही.

आता बाबांचं. 25 जूनला घरी गेल्यावर मी त्यांना काही बोललो नव्हतो. 81 वय, रात्रीची झोप आधीच कमी. दोन दिवसांनी ते वर्कशॉपमध्ये आले तेव्हा निप्पल वाइसशेजारी भिंगाखाली पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, त्यांनी अंगठ्याचं नख चरावरून फिरवलं. एकदा सरळ, एकदा उलट.

"तू ह्या कानशीन घासलंस?"

"व्हय."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले, निप्पल मुठीत. मध्येच एकदा त्यांनी हात उंचावून हवेत एक उंची दाखवली, म्हणजे तिचं डोकं इथे होतं का, असं. मी मान हलवली. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता डब्यात टाकतील. स्टीलचा चांगला तुकडा होता, मधून भोक पाडलेला. कुठेतरी स्पेसर म्हणून सहज चालला असता.

"ब्लेड हाड," ते म्हणाले. म्हणजे कापायचं ब्लेड आण.

त्यांनी निप्पल स्वतः वाइसमध्ये धरलं. हात कापतो त्यांचा, म्हणून मी पुढे झालो, त्यांनी मला बाजूला केलं. बरोबर चरातून कापायला घेतलं. पाच-सात मिनिटं लागली. दोन्ही अर्धुकं जमिनीवर पडली ती त्यांनी वाकून उचलली आणि भंगाराच्या पोत्यात टाकली. मग खिडकीखालचा डबा ओढायला लागले.

आम्ही दोघांनी मिळून तो जमिनीवर पालथा केला. हवेच्या जोडात चुकूनही बसेल असं प्रत्येक निप्पल, प्रत्येक अडॅप्टर, पितळी असो की स्टीलचं, त्यांनी नख लावून बाजूला काढलं आणि माझ्याकडे दिलं. मी कापत गेलो. दिवेलागणीला आईने दोनदा हाक मारली. तेवीस निघाले.